दहा रुपये घ्या, फोटो द्या

दिवाळी सरली की मेळघाटाच्या घाटात, झरी-जामणीच्या पोडांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर आणि आलापल्लीहून भामरागडला निघालेल्या गाड्यांमध्ये कॅमेऱ्याच्या बॅगा दिसू लागतात. शहरातले पोर्ट्रेट काढणारे फोटोग्राफर चार दिवस सवड काढून येतात. सोबत ब्लँकेटं, वह्या, फराळाची पाकिटं असतात. ढान्यावर, पोडावर, बेड्यावर, म्हणजे वस्तीवस्तीवर फिरून ते चेहरे टिपतात, परत जातात, फोटो मोबाइलवर फिरू लागतात आणि दरवर्षीचं भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, हे गरिबीचं प्रदर्शन आहे, बंद करा. दुसरी म्हणते, आम्ही निदान तिथवर गेलो, तुम्ही काय केलंत? दोन्हीकडची माणसं फोटो काढण्यावरून भांडतात. फोटो देण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ज्या म्हातारीच्या सुरकुत्यांवर हजारो लोकांनी अंगठे उमटवले, तिच्या घरात तो फोटो आहे का, हा प्रश्न या वादात येतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकणं बरं. अशी सेवायात्रा वाईट नाही, तिची गरज आहे. पण फोटो ज्याचा आहे त्याच्या मागणीवरून तो निघावा, कागदावर छापून त्याच्याच हातात जावा, आणि त्याचे दहा रुपये का होईना, पैसे घ्यावेत. फुकट काढलेला फोटो ही बहुतेक वेळा फोटोग्राफरनं स्वतःलाच दिलेली भेट असते.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा भुकेचा आहे. ज्या घरात पुढच्या महिन्याची ज्वारी नाही तिथे फोटो घेऊन जाणं म्हणजे थट्टा नाही का? तीन गाड्यांच्या डिझेलमध्ये तांदळाची किती पोती येतील? हिशोब रास्त आहे. धान्य आणि फोटो यातलं एकच देता येत असेल तर धान्यच द्यावं, याबद्दल वाद नको. पण गरिबाला फक्त पोट असतं असं गृहीत धरून चालणंही तितकंच चुकीचं आहे. फोटोची गरज त्या घरात कधी उभी राहते, ते तालुक्याच्या स्टुडिओत बसलेल्या माणसाला विचारावं. ती तेरवीला उभी राहते.

तेरवीला पाटावर फोटो लागतो, हार घातलेला, समोर दिवा. घरात फोटो नसतो. मग मुलगा किंवा पुतण्या मतदार ओळखपत्र घेऊन तालुक्याला येतो. निवडणूक आयोगानं फोटोच्या ओळखपत्रांचा आदेश १९९३ साली काढला, आणि खेड्यातल्या कितीतरी माणसांचा आयुष्यातला पहिला फोटो त्यासाठीच निघाला. त्या कार्डावरचा चेहरा जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर रुंद. तो बारा इंच रुंदीवर नेताना बारा ते पंधरा पट ताणला जातो. अशा वेळी चेहरा मोठा होत नाही, छपाईचे ठिपके मोठे होतात. ते ठिपके पुसायला स्टुडिओवाला चेहरा गुळगुळीत करतो. त्यात सुरकुत्या जातात, तीळ जातो, भुवईवरचा जुना घाव जातो. खाली तयार साच्यातला कोट किंवा कुणाचा तरी शर्ट बसवतात. आता चेहरा आपोआप स्पष्ट करणारी सॉफ्टवेअरं आली आहेत, त्यांनी तर भलतंच केलं. जे कार्डावर दिसतच नाही ते ती कल्पनेनं भरतात, त्या माणसाला कधी नसलेले दात आणि कधी नसलेल्या पापण्या देतात. भिंतीवर जो टांगला जातो तो गेलेल्या माणसासारखा दिसणारा दुसराच कोणीतरी असतो.

२००६ च्या आसपास विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या देशभर गेल्या. पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळातलं एक चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे: दारात उभी बाई, तिच्या हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो. त्या चित्रातल्या बाईबद्दल खूप लिहिलं गेलं. तिच्या हातातल्या फोटोबद्दल कोणी लिहिलं का? अशा कितीतरी फ्रेमांमधला फोटो ओळखपत्रावरून किंवा कोणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापून मोठा केलेला असतो. जिवंतपणी एकदा नीट, निवांत काढलेला एक फोटो त्या घराला मिळाला असता, तर ती चैन ठरली असती का?

दुसरा आक्षेप असा, की आदिवासींना चेहऱ्याची हौस नाही, ही शहरी माणसाची गरज त्यांच्यावर लादली जाते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कोरकूंचा मुंडा पाहावा. गेलेल्या माणसासाठी कोरकू सागवानी लाकडाची फळी कोरून उभी करतात. तिच्यावर घोडेस्वार असतो, चंद्र-सूर्य असतात, आणि त्यासाठीचा सिडोलीचा विधी घराला परवडेल तेव्हा, कधी कधी काही वर्षांनीसुद्धा केला जातो. भामरागडकडे माडिया गोंड मृतांसाठी दगड उभे करतात. गेलेल्याची खूण डोळ्यांसमोर राहावी ही ओढ त्या समाजांची स्वतःची आहे, कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची. फोटोनं मुंड्याची जागा घ्यावी असं अजिबात नाही. पण ज्या घरात मुंडा आहे त्याच घरात आधार कार्ड जपून ठेवलेलं असतं, आणि त्यावरचा आपला चेहरा बघून बाया हसतात, तोंड फिरवतात. चांगला फोटो हवा, हे त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळेल. विचारणारा मात्र हवा.

तिसरा मुद्दा संमतीचा आहे, आणि तो मी सर्वांत गंभीर मानते. एका हातात ब्लँकेट आणि दुसऱ्या हातात कॅमेरा असेल तर ‘नाही’ कोण म्हणेल? सरपंच किंवा गुरुजी म्हणाले ‘रांगेत उभे राहा’, की माणसं उभी राहतात. याला संमती म्हणता येत नाही. मग काहीजण थेट बंदीच मागतात आणि अंदमानच्या जारवा आदिवासींचा दाखला देतात. तिथे बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण बाहेरच्या संपर्कानं त्या मूठभर माणसांचं जगणंच धोक्यात येतं. पण पांढरकवड्याच्या बँकेत रांगेत उभी असणारी, मुलीला आश्रमशाळेत पाठवणारी कोलाम बाई जारवा नाही. तिच्या वतीनं ‘नाही’ म्हणणारा आणि तिच्या वतीनं ‘हो’ म्हणणारा, दोघंही तिला बोलूच देत नाहीत.

संमती खरी कशी असते याचा नमुना विदर्भातच आहे. सेवाग्रामला गांधीजींचे नातलग कनू गांधी यांना आश्रमात फोटो काढायचे होते. बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून साहित्य आलं, पण गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रमाचा पैसा या कामाला मिळणार नाही. या तीन अटी आज फोटोग्राफर मंडळी मोठ्या कौतुकानं सांगतात आणि त्यातून ‘नैसर्गिक फोटो काढा, पोझ नको’ असा धडा घेतात. मला तो धडा उफराटा वाटतो. सेवाग्रामची खरी गोष्ट अशी, की अटी ज्याचा फोटो निघणार होता त्यानं घातल्या आणि काढणाऱ्यानं त्या वर्षानुवर्षं पाळल्या. गांधीजींना पोझ नको होती. टिपेश्वरजवळच्या एखाद्या आजीला लुगडं बदलून, केस विंचरून, सरळ उभं राहून पोझ द्यायची असेल, तर तीसुद्धा अटच आहे. चुलीपुढे धुरात डोळे चोळताना तिला टिपणं म्हणजे ती अट मोडणं.

आणि अटी घालायची ताकद नसलेल्यांचं काय होतं, तेही जुन्या पुस्तकांत आहे. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली निघाले. माहिती अफाट, अभ्यासकांना आजही उपयोगी. पण त्यातल्या फोटोंखाली माणसाचं नाव शोधायला जा: गोंड बाया दळण दळताना, अमुक जातीचा मनुष्य, असंच सापडेल. चेहरा एका माणसाचा आणि नाव जमातीचं. आज ‘मेळघाटची आजी’ एवढ्याच ओळीखाली जो फोटो फिरतो, तो त्या खंडांपासून किती पुढे आला? अमेरिकेत १९३६ साली मंदीच्या काळात मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो निघाला, तो जगभर छापला गेला. फ्लोरेन्स थॉम्प्सन हे तिचं नाव लोकांना कळायला चाळीसेक वर्षं लागली. तिची तक्रार साधी होती: फोटो काढणाऱ्या बाईंनी नाव विचारलं नाही, प्रत पाठवते म्हणाल्या, पाठवली नाही.

त्या फोटोनं त्या तळावर सरकारी मदत आली, हे खरं. नव्वदीच्या सुरुवातीला मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आणि फोटो बाहेर आले म्हणून सरकार हललं, कोर्टात याचिका गेल्या, हेही खरं. म्हणून बातमीदाराच्या कॅमेऱ्याला मी या वादात ओढत नाही. त्याचं उत्तरदायित्व वाचकाशी आहे आणि तो तसं सांगून येतो. सेवा करायला आलो म्हणणाऱ्याचं मात्र उत्तरदायित्व समोर बसलेल्या माणसाशी आहे. जेरेमी कावर्ट या अमेरिकन फोटोग्राफरनं २००९ साली गरजू लोकांना पोर्ट्रेट देण्याची जी चळवळ सुरू केली, तिचं सूत्र हेच होतं, की फोटो घ्यायचा नाही, द्यायचा.

आता देणं म्हणजे काय ते बारकाईनं पाहू, कारण चांगल्या मनानं गेलेल्या मंडळींचंही इथेच फसतं.

पहिली चूक दिवसाची. कापूस वेचणी किलोवर असते. अर्धा तास फोटोला बसवलं की त्या बाईचा दोन-तीन किलोंचा पैसा गेला. आठवडी बाजाराचा दिवस धरावा, त्या दिवशी बहुतेक गावांत मजुरीला सुट्टी असते आणि माणसं तशीही आंघोळ करून, चांगले कपडे घालून निघालेली असतात. वेळ सकाळी आठ ते दहा. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, पांढरं धोतर जळून जातं. माणसाला ओसरीच्या कडेपासून हात-दीड हात आत सावलीत बसवावं, तोंड आंगणाकडे. सारवलेल्या आंगणावरून खालून ऊबदार उजेड येतो, तो चेहऱ्याला फार चांगला. कडूनिंबाखाली बसवलं तर कातडीवर हिरवी छटा येते, निळ्या ताडपत्रीखाली बसवलं तर माणूस आजारी दिसतो. उजेड कमी पडला तर कोणाचंही धुतलेलं पांढरं धोतर बाजूला धरलं की काम भागतं.

उजेडाच्या मोजणीत सगळ्यात जास्त नुकसान होतं. मागे चुन्याची पांढरी भिंत असली की कॅमेरा तिला करडी करायला जातो आणि सावळा चेहरा कोळशासारखा येतो. मग संगणकावर तो ओढून उजळ केला की कातडी राखेसारखी दिसते. म्हणून फक्त चेहऱ्यावर मोजावं, आणि तिथूनही अर्धा ते एक स्टॉप खाली यावं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), कारण सावळ्या कातडीवर मोजलं की कॅमेरा तिलाही उजळ करडी करू पाहतो. रंग जसा आहे तसा, तेजासह आला पाहिजे. ‘गोरं करून द्या’ अशी मागणी येते हे खरं आहे. पण नीट उजेडातला छापील फोटो हातात पडला की ती मागणी बरीच ओसरते. गोरेपणा मागणारा माणूस बहुतेक वेळा काळवंडलेल्या ओळखपत्रातून सुटका मागत असतो.

लेन्स पन्नास ते पंच्याऐंशी मिलिमीटर, अंतर निदान दोन मीटर. मोबाइल हातभरावर धरला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. दोघं शेजारी असतील तर लेन्सचं छिद्र, म्हणजे अपर्चर, ५.६ वर ठेवावं. १.८ वर नवऱ्याचे डोळे स्पष्ट आणि बायकोचे धूसर येतात, आणि तो फोटो भिंतीवर जन्मभर राहणार असतो. छातीपर्यंत कापलेला फोटो शहरात चालतो, गावात ‘पाय कुठे गेले?’ असं विचारतात. उभा, पायांसकट, दोन्ही हात दिसतील असा एक फोटो काढावाच. पाच-सहा फोटो काढून मागच्या पडद्यावर दाखवावेत आणि निवड बसणाऱ्याला करू द्यावी. कोणताच आवडला नाही तर सगळे तिच्यासमोर पुसावेत. संमतीची कसोटी ही आहे.

छपाईला बॅटरीवर चालणारा लहान डाय-सब्लिमेशन प्रिंटर घ्यावा, इंकजेट नको. कवेलूच्या छपरातून एक थेंब गळला की इंकजेटची शाई वाहून जाते. डाय-सबमध्ये कागद चार वेळा आत-बाहेर होतो, पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी पारदर्शक थर, तो पाण्याला दाद देत नाही. एक फोटो पाऊण मिनिटाच्या आसपास निघतो, एका चार्जिंगवर पन्नासेक निघतात. पण कागद बाहेर येतो तेवढ्यात त्यावर धूळ बसली की तिथे पांढरा ठिपका पडतो, म्हणून प्रिंटर गाडीत किंवा खोलीत, काचा लावून ठेवावा, आंगणात नाही. चाळीस अंशांच्या वर तो थांबत-थांबत चालतो, म्हणजे एप्रिल-मे आपल्याकडे बादच. फोटो पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात घालून देऊ नये, त्या प्लास्टिकमुळे रंग उतरतो. पुठ्ठ्याची पाठ लावलेली फ्रेम मातीच्या भिंतीवर टांगली की उधई लागते. माणशी चार-पाच मिनिटं धरली तर सकाळच्या त्या दोन तासांत पंचवीस-तीस माणसं नीट होतात. ‘एका दिवसात तीनशे पोर्ट्रेट’ असं कोणी सांगत असेल तर ती ओळखपत्रंच झाली.

हातातला चार-बाय-सहा इंचांचा फोटो त्याच दिवशी द्यावा, पण भिंतीवरचा आठ-बाय-बारा लॅबमधून करून दुसऱ्या फेरीत द्यावा लागतो, आणि सगळ्यात जास्त फोटो हरवतात ते या दोन फेऱ्यांच्या मध्ये. एकाच टोल्यात, म्हणजे पाड्यात, तीन लक्ष्मीबाई असतात. प्रत्येकाचा पहिला फोटो पाटीवर नंबर लिहून काढावा आणि रजिस्टरमध्ये नाव, नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव, टोला, कोणाच्या घराशेजारी, असं लिहावं. मेळघाटात दिवाळीनंतर अर्धं गाव कामाला बाहेर जातं, जानेवारीत फोटो घेऊन गेलं तर घरांना कुलपं. होळीला मात्र कोरकू माणूस कुठेही असला तरी ढान्यावर परततो. दुसरी फेरी होळीलाच ठेवावी. भामरागडला पावसाळ्यात जायचं म्हटलं तर पर्लकोटा नदी वाट अडवते.

या सगळ्यात एक माणूस गाळला जातो, तालुक्याचा फोटोग्राफर. मोफत शिबिर आलं की त्याचं गिऱ्हाईक तुटतं, हा आक्षेप कोणी घेत नाही, पण घ्यायला हवा. त्याचा स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. तो लग्नाला गेला की काउंटरवर बायको बसते, पासपोर्ट फोटो कापते, फ्रेमा ठोकते, अल्बमची उधारी तीच मागते. शाळेतून आलेला मुलगा आधारची झेरॉक्स काढून देतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त लागतात आणि जूनपर्यंत त्या घराची वर्षाची कमाई व्हायची असते. नेमकी तीच वेळ रानातल्या वाटा सुकलेल्या असण्याची. त्यानं पोडावर तीन दिवस सेवा करायची म्हणजे एक-दोन लग्नं सोडायची, आणि त्या सोडलेल्या पैशांत बायको-मुलांचाही वाटा असतो. घरच्यांना न विचारता केलेली सेवा ही दुसऱ्याच्या खिशातून दिलेलं दान आहे. शहरातून येणाऱ्या फोटोग्राफरलाही हे लागू आहे, फक्त त्याच्या घराला एक आठवडा सोसतो, याच्या घराला सोसत नाही.

म्हणून बाहेरच्या मंडळींनी तालुक्याच्या माणसाला त्याच्या रोजच्या दरानं कामावर घ्यावं. घरं त्याला माहीत असतात, बोली कळते, आठ-बाय-बारा तोच छापून पोचवेल. मुख्य म्हणजे सगळ्या फाइली नंबरासकट त्याच्या हार्ड डिस्कवर राहतील. दहा वर्षांनी कोणाचा मुलगा तेरवीसाठी फोटो मागायला आला तर ओळखपत्र ताणावं लागणार नाही. पुण्याच्या हार्ड डिस्कचा त्या मुलाला काय उपयोग?

आणि आता दहा रुपये. गरिबाकडून पैसे कसले घेता, असं विचारणाऱ्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडावा, कलम १७. एरवी फोटोचा पहिला मालक काढणाराच असतो. पण कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढायला सांगणारा. म्हणजे फुकट काढलेल्या फोटोवर त्या आजीचा मालकी हक्क शून्य. तिचा चेहरा फोटोग्राफरच्या हयातीनंतरही साठ वर्षं त्याच्या वारसांचा. संस्थेनं पैसे देऊन शिबिर घेतलं तर मालक संस्था, आणि तो फोटो देणग्यांच्या पत्रकावर. तिनं स्वतः सांगितलं आणि स्वतः दहा रुपये दिले, की मालकीण ती. मोबदला किती असावा, हे ते कलम सांगत नाही. फुकटच द्यायचं असेल तर हक्क लिहून, सही करून तिच्या नावे करता येतो, पण तसं करणारं शिबिर माझ्या पाहण्यात नाही. शिवाय पैसे मोजलेला माणूस ‘हा नको, दुसरा काढा’ म्हणतो. फुकट घेणारा म्हणत नाही.

पावतीवर नाव, गाव, तारीख, पाटीवरचा नंबर आणि ‘माझ्या सांगण्यावरून फोटो काढला, दहा रुपये दिले’ एवढंच हवं. एक प्रत तिला, एक रजिस्टरला. ती कोरकूत, कोलामीत किंवा माडियात वाचून दाखवणारा माणूस गावातलाच असावा, गाडीतून आणलेला नको. सही येत नसेल तर अंगठा घ्यावा, पण शाई पुसायला ओलं फडकं जवळ ठेवावं आणि बोट कोरडं झाल्यावरच फोटो हातात द्यावा.